पाच पैशांचा हिशेब

२७ जून २०११, सोमवार. जबलपुरात रोज आभाळ भरून यायचं आणि न बरसताच निघून जायचं. गोहलपुरातल्या एका जुन्या मराठी घरात आजींनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि डालड्याचा जुना डबा त्यावर उपडा केला. खणखणाट काही झाला नाही. पत्र्याची कात्रणं सांडावीत तसा पोकळ आवाज झाला आणि बारा वर्षांचा नातू हसायलाच लागला.

"आजी, हे पैसे आहेत?"

"पैसेच आहेत. परवापर्यंत तरी आहेत."

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जूनपासून बाद होणार होती. २९ तारखेपर्यंत बँकांच्या ठरावीक शाखांमधून ती बदलून मिळणार होती. सरकारनं हे डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केलं होतं. पण अशा गोष्टी घरात आठवतात त्या शेवटच्या दोन दिवसांतच. एवढ्याशा पैशांसाठी बँकेत कोण जाणार, असं सूनबाई म्हणाल्या. आजींनी ऐकून घेतलं आणि नातवाला ढीग लावायला बसवलं.

ढीग लावता लावता मुलाची गंमत वाढत गेली. त्यानं पाहिलेली नाणी म्हणजे रुपया, दोन रुपये, पाच रुपये; सगळी गोल. इथे तर चौकोनी होती, षटकोनी होती, फुलाच्या पाकळ्यांसारखी कड असलेली होती. चिमुकला चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा पैसा तर तळहातावर ठेवला तरी जाणवत नव्हता. त्याचं वजनच जेमतेम पाऊण ग्रॅम. तीन पैशांचं नाणं असतं हे तर त्याला खरंच वाटेना. ते १९६४ मध्ये आलं आणि सात-आठ वर्षांत टाकसाळीनं ते पाडणं बंदही केलं. आकार वेगवेगळे ठेवण्यामागे मात्र विचार होता. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही बोटांनी चाचपून नाणं ओळखता यावं. अंधारात, कनवटीला हात घालून, न बघता नेमके पाच पैसे काढणाऱ्या बायका आजींनी पाहिल्या होत्या.

पिवळ्या, कमळाच्या वीस पैशांपाशी नातवाचा हात थांबला.

"हे सोन्याचं आहे का गं?"

हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. १९६८ ते १९७१ या काळातलं हे नाणं पितळेच्या जातीचं. पण त्यात सोन्याचा अंश आहे अशी आवई उठली आणि कितीतरी घरांनी ते खर्चायचंच सोडून दिलं. लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते मानानं जाऊन बसलं. आजींच्या सासूबाईंनीही अशी नाणी वेगळी ठेवली होती. सोनं नसलं तरी त्यावर कमळ होतं, तेवढं लक्ष्मीला पुरलं.

आजींच्या स्वतःच्या आठवणी याहूनही जुन्या. त्यांचे वडील, अण्णा, मूळचे नागपूरचे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे मास्तर, कारकून अशा मंडळींच्या इकडून तिकडे बदल्या होत. अण्णा मास्तर म्हणून आले. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं. अण्णा इथलेच झाले. भाडं परवडतं म्हणून त्यांनी गोहलपुरात बिऱ्हाड केलं. पुढे तेच घर विकत घेतलं आणि एकुलती एक लेक म्हणून ते आजींकडे आलं.

त्या घरात भोकाचा पैसा होता. महायुद्धाच्या काळात तांबं वाचवण्यासाठी १९४३ पासून मधे भोक पाडलेला पैसा निघाला होता. लहान मुलांच्या करगोट्यात तो ओवायचे. चवली होती, पावली होती, अधेली होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. हा हिशेब तोंडपाठ होतो न होतो तोच १ एप्रिल १९५७ उजाडला आणि रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. तेव्हा आठ वर्षांची असलेली ही मुलगी अण्णांपुढे रडायला बसली होती. पाढे पाठ करायचे तरी किती वेळा?

अण्णांनी तिच्या हातावर नव्या नाण्यांचा एक संच ठेवला. एका नाण्यावर लिहिलं होतं, 'रुपये का सौवां भाग'. दुसऱ्यावर 'पचासवां भाग', पुढे 'बीसवां', 'दसवां', 'चौथा'. अपूर्णांकांचं पुस्तकच ते! सरकारनं हे लोकांना समजावं म्हणून छापलं होतं. अण्णांच्या लेकीचं गणित त्याच्यावर सुधारलं.

पावली आणि अधेलीचं सोपं होतं. त्यांचे पंचवीस आणि पन्नास नये पैसे सरळ होत. म्हणूनच पुढे कित्येक वर्षं लोक पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणत राहिले. खरी पंचाईत लहान नाण्यांची. आण्याचे सव्वासहा नये पैसे, आणि पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून आण्याचे सहा धरले. जुन्या एका पैशाचे दीडाहून थोडे जास्त, म्हणून दोन धरले. आता गंमत पाहा. जुन्या एक-एक पैशाच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या, तर चार दुणे आठ नये पैसे. त्याच चार एकदम घेतल्या तर आणा, म्हणजे सहाच. कोपऱ्यावरच्या दुकानात बोरकूट, चिंचेची गोळी, पेरू आणि शेंगदाणे अशी चार मैत्रिणींची खरेदी ही मास्तरांची मुलगी एकत्र करायची आणि दोन नये पैसे वाचवायची. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणायचा, "मास्टर की बिटिया है, क्या करें!"

मुलांनी दोन पैसे वाचवले ती गंमत झाली. पण हेच दोन पैसे शेजारच्या घरांत गमतीचे नव्हते.

गोहलपुर म्हणजे विणकरांची आणि बिडी कामगारांची वस्ती. दारोदारी बायका सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन बसलेल्या असत. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल द्यायचा. तो हातात घेऊन पाहणार आणि काही बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढणार. त्या गेल्या, त्यांचे पैसेही गेले. उरलेल्याचा हिशेब पैशापैशानं. अशा ठिकाणी सुटे नाहीत म्हणून वरचे तीन पैसे राहिले, की ते नेमके कुणाचे राहतात हे सांगायला नको. दुकानात खालचा आकडा वर चढतो, मजुरीत वरचा आकडा खाली उतरतो. नाणं लहान होतं तोवर निदान भांडता तरी येत होतं.

अशीच बिड्या वळणारी एक खाला शेजारच्या घरात राहायची. १९५९ ची गोष्ट. चौथीच्या परीक्षेचा दिवस. मुलगी घरातून निघाली आणि दारातच टाक हातातून पडून निब वाकडी झाली. अण्णा आधीच शाळेत गेलेले, आई माहेरी नागपूरला. मुलगी दाराशी रडत उभी. खालानं हातातलं सूप खाली ठेवलं, ओढणीची गाठ सोडली आणि पाच नया पैशांचं चौकोनी नाणं तिच्या हातावर ठेवलं. पाच पैशांत निब यायची. काही बोलली नाही, पुन्हा वळायला बसली.

महिन्याभरानं मुलगी खाऊच्या पैशातून वाचवलेलं तसंच नाणं परत द्यायला गेली. खाला म्हणाली, "अभी तू ही रख ले, मेरे नाम से. ज़रूरत पड़ेगी तो माँग लूँगी." मग दोन-तीन वर्षांत खालाचं बिऱ्हाड हललं. मुलाला भिवंडीत मागावर काम मिळालं, असं कुणीसं सांगितलं. मागायला ती आलीच नाही.

डब्यातली नाणी मात्र वाढत गेली, आणि त्यांची किंमत घटत गेली. १९६४ मध्ये 'नया' शब्द गेला आणि पैसा नुसता पैसा झाला. मग तांबं आणि निकेल महाग पडू लागलं, नाणी अ‍ॅल्युमिनियमची झाली. १९८८ पासून दहा आणि पंचवीस पैसे स्टीलचे झाले. पंचवीस पैशांवर गेंडा आला. ग्वारीघाटावर हा बदल पोरांच्या सर्वांत आधी लक्षात आला! नर्मदेत भाविक टाकतात ती नाणी काढायला पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडत. स्टीलची नाणी चुंबकाला चिकटून वर यायची, अ‍ॅल्युमिनियमची तळाशीच राहायची. त्यांच्यासाठी बुडी मारावी लागे, आणि पाच पैशांसाठी बुडी मारायला पोरं काय वेडी होती? ग्वारीघाटाच्या नॅरोगेजच्या रुळांवर पाच पैसे ठेवून त्यांचा चपटा पापड करण्यात त्यांना जास्त रस. ती छोटी गाडीही २०१५ मध्ये बंद झाली.

नव्वदच्या दशकात दुकानदार दहा-वीस पैशांऐवजी गोळी हातावर ठेवू लागले. चार गोळ्या नेऊन त्याच्याकडून आगपेटी मागितली तर तो देत नसे, हे सोडा. नंतर तर नाण्यातल्या धातूचीच किंमत नाण्यापेक्षा जास्त झाली. नाणी वितळवली जातात, सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास आल्या होत्या. अशा नाण्याला मरण येणारच होतं.

पण पावली गेल्यावर एक प्रश्न बायकांनाच पडला. सव्वा रुपया द्यायचा कसा? नवस सव्वा रुपयाचा, सत्यनारायणाची दक्षिणा सव्वा रुपया, नारळाबरोबर पुरचुंडीत बांधायचा तो सव्वा रुपया. बँकेच्या हिशेबात पंचवीस पैसे नगण्य होते. देवाच्या हिशेबात तेच तर महत्त्वाचे, कारण पूर्ण आकड्यावर थांबायचं नाही, पुढे काहीतरी ठेवायचं. आता अकरा आणि एकवीसवर भागतं. पाकिटावर रुपया चिकटवलेला मिळतो. काही घरांनी एक पावली देवघरात राखून ठेवली आहे. ती तबकात ठेवायची आणि पूजा झाली की परत घ्यायची. भटजीही हसून चालवून घेतात.

आणि आता पाहा काय झालं आहे. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं आजही चालतं, पण ते घेणारा दुकानदार शोधून सापडत नाही. उलट भाजीवालीच्या गाडीवर चौकटीचं चित्र लावलेलं असतं, त्यावर मोबाइल धरला की एकोणीस रुपये पंच्याण्णव पैसे अगदी बिनचूक देता येतात. नाणं गेलं आणि पैसा परत आला. जुन्या नाण्यांचे लाखो रुपये मिळतात अशा जाहिरातीही त्याच मोबाइलवर येतात. त्या नादी लागून लोक आधी 'फी' भरतात आणि फसतात. अशा व्यवहारांसाठी आपलं नाव वापरलं जातंय, आपण असलं काही करत नाही, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं.

तर त्या सोमवारी नातवानं ढीग मोजले. पंचवीस पैशांची अडतीस, म्हणजे साडेनऊ रुपये. वीस पैशांची एकवीस, दहाची शेहेचाळीस, पाचची सव्वीस, तीनची चार, दोनची नऊ आणि एक पैशाची पाच. त्यानं दोनदा बेरीज केली.

"एकोणीस रुपये पंच्याण्णव पैसे. आजी, फक्त पाच पैसे कमी! वीस झाले असते."

आजी उठल्या. देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याखालून कापडाची बारकी पुरचुंडी काढून त्यांनी त्याला दाखवली. १९५७ चं, चौकोनी, जड, अजून चमक असलेलं पाच नये पैशांचं नाणं. नातू खूष झाला. "हे घाल ना मग! पूर्ण वीस होतील."

"ते माझे नाहीत."

"मग कुणाचे?"

आजींनी खालाची गोष्ट सांगितली. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग मुलांच्या रोकठोक हिशेबानं म्हणाला, "पण आजी, त्या आता नसतीलच. आणि परवानंतर हे नाणंही चालणार नाही."

"म्हणून काय झालं? त्यांनी ठेवायला दिलंय. चालतं की नाही ते त्यांनी ठरवायचं."

आजींनी पुरचुंडी बांधून पुन्हा करंड्याखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी नातू बाबांबरोबर शहरातल्या बँकेत गेला. रांगेत डबे, पिशव्या, मातीची आख्खी गुल्लक घेऊन आलेली माणसं. तासाभरानं नंबर लागला. कॅशियरनं नाणी मोजली, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि गल्ल्यातून वीसची नोट काढून दिली. मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "अंकल, पाच पैसे कमी आहेत." कॅशियर हसला. "कहाँ से लाऊँ पाँच पैसे, बेटा? दादी से कहना, रहने दो."

घरी येऊन त्यानं नोट आजींच्या हातात दिली आणि निरोपही सांगितला. आजींनी नोट उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि म्हणाल्या, "म्हणजे आता बँकेचेही पाच पैसे देणं झालं."