पाणंद सगळ्यांची, मग दुरुस्ती कुणाची?



पाऊस पडावा म्हणून आपण देवाला साकडं घालतो आणि तो पडला की आखाड्याकडे जाणारी वाट पाहून कपाळाला हात लावतो. आपल्या जालना जिल्ह्यातल्या काळ्या रानात हे दरसालचंच आहे. कुणी त्या वाटेला पाणंद म्हणतं, कुणी पांदण, कुणी गाडवाट. चिखल मात्र सगळीकडे सारखाच, गुडघ्याएवढा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शिवारात एका आखाड्यावर एक बाई बाळंतपणात अडली. दवाखान्याची गाडी डांबरी सडकेवरच थांबली, आत यायला वाटच नव्हती. चौघांनी तिला बाजेवर घालून चिखलातून सडकेपर्यंत नेलं. माय-लेकरू दोघंही सुखरूप राहिली, ही देवाची कृपा. पण दुसऱ्या दिवशी पारावर तोच विषय निघाला. शेतकरी म्हणाले, "ही वाट पंचायतीने करायची." पंचायतीतले म्हणाले, "वापरता तुम्ही, तुम्हीच करा." आणि ज्याचं शेत पाणंदीच्या तोंडाशी, तो म्हणाला, "माझं काम शंभर पावलांत भागतं. मी कशाला पैसे देऊ?"

आता यात खरं कुणाचं?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. आता त्याला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. गावातले सार्वजनिक रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं हे त्यात पंचायतीच्या कामांत धरलं आहे. पण ते तिच्याजवळच्या पैशांच्या बेताने. ज्या रस्त्याला क्रमांक आहे, त्याच्यासाठी जिल्हा परिषदेकडे काही ना काही तरतूद होते. पाणंदीला बहुधा क्रमांकच नसतो. म्हणून ती सगळ्यांची असूनही कुणाचीच राहत नाही.

तरीही पाणंद बेवारस नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेची असते ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. आता जाऊन पाणंद मोजा. एकवीस फुटांची वाट नऊ फुटांवर का आली? कारण दरसाल नांगराचं एक तास पुढे सरकलं, इकडून एक आणि तिकडून एक. हे कोणी परक्याने केलेलं नाही, मंडळी.

कुणी वाट अडवलीच, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेचं 143 वं कलम बांधावरून वाट मागण्याचा हक्क देतं. आणि मे 2025 मध्ये शासनाने सांगितलं आहे की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी. ही नोंद करून घ्या. आज सलोखा आहे म्हणून नातवंडांच्या वेळीही असेलच असं नाही.

योजनाही आल्या. 2021 साली रोजगार हमीशी सांगड घालून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना निघाली. त्याआधी 1972 च्या दुष्काळात आपल्या वाडवडिलांनी खडी फोडून सडका केल्या. पण रस्ता करणं वेगळं आणि राखणं वेगळं. विहीर खणून कुणी गाळ काढायचा सोडून देतं का?

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तिच्यावर नुसता मुरूम टाकला, तर पहिल्याच पावसात तो खाली जातो. दोन्ही बाजूंनी नाली काढा, तिचीच माती मध्ये टाकून दाबा, मग वर मुरूम घाला. मधला भाग उंच राहिला म्हणजे पाणी नालीत जाईल. ओढ्याशी सिमेंटचा पाइप बसवा. मृगाआधी नाल्या उपसा आणि वेडी बाभूळ तोडा. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर पाणंदीवरून नेऊ नका. उसाचं पाणीही वाटेवर सोडू नका.

आता पैशाचं. शहरात घरमालकांच्या संस्था असतात. सभासद दरमहा वर्गणी देतात आणि संस्था आवारातला रस्ता, दिवे, नाली राखते. तळमजल्यावरचा माणूसही देतो, वरचाही देतो. आपण पाणंदीपुरतं एवढं का करू नये? एकरी वर्गणी ठरवा. ज्याचं शेत टोकाला, त्याने थोडं जास्त द्यावं, कारण तो सगळी वाट वापरतो. तोंडाशी असलेल्याने थोडं कमी द्यावं; पण द्यावं, कारण टोकाच्या रानाचा माल नेणारी गाडी त्याच्याच बांधावरून जाते आणि वाट बुजली की वरचं पाणी त्याच्याच शेतात शिरतं. ट्रॅक्टर भाड्याने चालवणाऱ्याने वेगळी भर घालावी. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने दोन दिवस अंगमेहनत द्यावी. हिशेब पारावर वाचून दाखवा, आणि त्या बैठकीला बायाही बोलवा. भारा डोक्यावर घेऊन त्या चिखलातून त्याच चालतात.

ही वर्गणी राजीखुशीची आहे, कुणावर सक्ती करता येत नाही. ती दिली म्हणून पंचायत मोकळी झाली असंही नाही. ग्रामसभेत ठराव मांडा आणि पाणंदीचं काम गावाच्या विकास आराखड्यात घालायला लावा. आपण नाली उपसली, हे दाखवून मागितलं तर मागण्याला वजन येतं.

आंबे बहाराची मोसंबी पावसाळा सरताना तोडीला येते. गाडी बागेपर्यंत येत नाही म्हटलं की व्यापारी भाव पाडतो. एकाच हंगामात जे नुकसान होतं, तेवढ्यात कित्येक वर्षांची वर्गणी भरून निघेल.

पाडव्याला आपण सालगडी ठरवतो. त्याच दिवशी पाणंदीचंही साल ठरवा. कोण नाली उपसणार, कोण मुरूम आणणार, हिशेब कुणाकडे राहणार, एवढं कागदावर लिहा आणि सह्या घ्या. गाव करी ते राव न करी, हे आपण ऐकत आलो. यंदा ते आपल्या पाणंदीवर करून पाहू.