कपाटातलं गाठोडं

गेल्या दिवाळीत याच सदरात मी माझ्या क्विल्टिंगच्या कापडांची फुशारकी मारली होती. यंदा न्यू जर्सीतलंच मोठं घर सोडून लहान अपार्टमेंटमध्ये आलो, तेव्हा मोजलं, तर ११ खोकी! शाळेतली नोकरी सोडून इकडे आले, इथे कामाची परवानगी नव्हती. तेव्हापासून सेल दिसला की १८ बाय २२ इंचांचे ‘फॅट क्वार्टर’ आणायचे. पाव वारच तो, नाव मात्र ऐटीचं.

हे कापड आज पुन्हा विकत घेईन का, असं स्वतःला विचारत गेले. ८ खोकी हॉस्पिटलमधल्या बाळांसाठी दुलया शिवणाऱ्या बायकांना दिली.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी आजीची दोन लुगडी निघाली. आजी गेली तेव्हा मला जाता आलं नव्हतं. त्यांना कात्री लावायची हिंमत होईना. आई फोनवर म्हणाली, “अगं, तिनं कधी कापड साठवलं का? विरलं की गोधडीत. नुसतं ठेवशील तर कसर खाईल.”

लुगड्यांच्या गोधडीला वेगळं बॅटिंग लागत नाही, घड्याच पुरतात. रोज रात्री धावदोरा घालते. टाके वाकडे पडतायत. मधेच लेक घडीखाली शिरून झोपते, मग तेवढी ओळ तशीच राहते.