गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड महिलांच्या हाडांचं वय कसं मोजायचं?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये देशभर चर्चेत आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारण सहापैकी एक. त्यातल्या बऱ्याच जणी ऐन तिशी-चाळिशीतल्या.

तेव्हा चर्चा झाली ती मुकादमाची उचल, खाडा झाला की कापले जाणारे पैसे आणि खासगी दवाखान्यांची. हाडांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

हाडांचा इथे काय संबंध?

हाड सतत झिजतं आणि सतत भरलं जातं. तिशीपर्यंत भरणं जास्त असतं. स्त्रियांमध्ये पुढे हा तोल सांभाळण्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. पाळी कायमची गेली की ते घटतं आणि पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. हाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थिठिसूळता. हाड मोडेपर्यंत तो बहुतेकदा कळतही नाही.

इस्ट्रोजेन तयार होतं अंडाशयात, गर्भाशयात नाही. त्यामुळे नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात. मात्र ती थोडी लवकर थकू शकतात. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, मग वय ३० का असेना.

वजनाचं काय?

कमी वजन ही दुसरी जोखीम. पाळी गेल्यावर चरबीच्या पेशी थोडं इस्ट्रोजेन बनवतात, शिवाय शरीराचा भार हाडांना मजबूत ठेवतो. काटक बाईकडे ही शिल्लक कमी. (याचा अर्थ वजन वाढवत सुटावं असा नाही. लठ्ठ स्त्रियांचीही हाडं मोडतात, विशेषतः घोट्याची.) मोळ्या उचलण्याचं काम हाडांना व्यायाम देतं हे खरं, पण पोटात पुरेसं दूध-डाळ नसेल आणि इस्ट्रोजेनही नसेल, तर तेवढ्यावर भागत नाही.

रजोनिवृत्तीनंतरच्या आशियाई स्त्रियांसाठी एक सोपं गणित वापरतात: किलोतल्या वजनातून वय वजा करायचं आणि ०.२ ने गुणायचं. उत्तर उणे १ पेक्षा खाली गेलं, तर डेक्सा तपासणी करून घ्यावी. ५५ वर्षांची, ४२ किलोची स्त्री: उणे २.६. जोखीम मध्यम.

आता वय ३८, वजन ४२ घ्या. उत्तर ०.८. कागदावर सगळं ठीक! पण तिची अंडाशयं तिशीत काढली असतील, तर तिच्या हाडांनी इस्ट्रोजेनविना आठ वर्षं काढलेली आहेत. गणितात ही वर्षं कुठेच येत नाहीत. ते तिच्यासाठी बनलेलंच नाही.

म्हणून अशा स्त्रीला आधी विचारायचं ते वय नव्हे, तर शस्त्रक्रियेत नेमकं काय काढलं हे. अनेकींना फक्त ‘पिशवी काढली’ एवढंच माहीत असतं. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलं असेल तर त्यावर ते लिहिलेलं असतं. नसेल तर सोनोग्राफीतून बहुधा अंदाज येतो. अंडाशयं कमी वयात काढली असतील आणि इतर अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देऊ शकतात. मात्र फडावर सहा महिने काढणाऱ्या बाईला त्या गोळ्या दर महिन्याला कुठून मिळणार, याची सोय आधी लावावी लागेल.