गप्प बसली म्हणजे कबूल?

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात मी एक चुकीचा निकाल दिला. कोर्टात नव्हे हो, इथे हट्ट्यात, मी शिकवते त्या सातवीच्या वर्गात! एका मुलीची कंपासपेटी हरवली आणि आळ आला शेजारच्या मुलीवर. मी विचारलं, तर ती मान खाली घालून गप्प. मी मनाशी म्हटलं, घेतली नसती तर बोलली नसती का? साऱ्या वर्गादेखत तिला रागावले. दुसऱ्या दिवशी पेटी सापडली, जिची होती तिच्याच घरी, पलंगाखाली! त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हा मला देसाईगंजचा खटला आठवला. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपुरात होतं. 1972 च्या मार्चमध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. 1974 साली सेशन्स कोर्टाने मुलीची संमती होती असं धरून दोघांना सोडलं. 1976 साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून शिक्षा दिली. आणि 1978 साली सुप्रीम कोर्टाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमांच्या खुणा नाहीत!

पुरावा तोच, मुलगी तीच, अन् निकाल तीन तऱ्हांचे. न्यायाधीशही कुठल्यातरी घरातूनच येतो ना? ‘खरी असती तर ओरडली असती’ ही समजूत त्याच्याबरोबर खुर्चीत येऊन बसते. ती त्याची दुबळी बाजू.

पण त्याची मोठी बाजूही आहे. त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात आणि निकालाची कारणं लिहावी लागतात. कारणं लिहिलेली होती म्हणूनच 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांना त्यातल्या चुकीवर नेमकं बोट ठेवता आलं. त्यांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. त्या मुलीचा निकाल काही बदलला नाही, पण 1983 साली कायदा बदलला. आता पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने आधी तिचंच म्हणणं धरून चालायचं. उलट सिद्ध करणं आरोपीकडे.

मी मात्र कारण सांगितलं नव्हतं, अन् माझ्या निकालावर अपीलही नव्हतं! म्हणून ज्या वर्गादेखत रागावले, त्याच वर्गादेखत त्या मुलीची माफी मागितली.

घरातल्या न्यायाधीश तर आपणच. तेव्हा पोरांच्या भांडणात किंवा जावा-नणंदांच्या कुरबुरीत जी गप्प बसते, तिला आधी बाजूला घेऊन विचारा. आणि स्वतःवर कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच, तर वकिलाच्या फीच्या भीतीने मागे फिरू नका. 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आपल्याला वसमतच्या कोर्टात, तुम्हाला तुमच्या तालुक्याच्या कोर्टात, विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. एवढं मात्र कुठेतरी लिहून ठेवा बरं!