मीनावयनी आयल्या

"गप रवा रं पोरांनो, मीनावयनी आयल्या!"

आजीचं हे दटावणं अजून कानात आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका लागायची. कुडाच्या भिंतीवरच्या फळीवर रेडिओ, त्याला आईने शिवलेलं कापडी झाकण, आणि खाली मिठागरावरून आलेली माणसं भेगाळलेले पाय पसरून बसलेली. टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, पंत म्हणजे बाळ कुरतडकर, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा ती तिघं आमच्या गोतातलीच होती. त्यांची बोली आमच्या आगरीहून किती वेगळी! तरी मीनावहिनींनी भावजींना टोमणा मारला की आजी पदर तोंडाला लावून हसायची.

आमचं गाव शेवा. न्हावा शेवा असं आता एका दमात म्हणतात. आमच्या लेखी न्हावा वेगळा, शेवा वेगळा. पुढे आलेल्या बंदराने दोघांना एका नावात बांधलं. गावाचं ना वर्तमानपत्र, ना केंद्र. पाण्यापलीकडून येणारे आवाज तेच आमचे.

पुढे टीव्ही आला. कौलांवर चढून अँटेना मुंबईकडे फिरवत काका ओरडायचा, "दिसतंय का?" बातम्या देणारे अनंत भावे, प्रदीप भिडे दिसले की दादा समोर सरकून बसायचे. भिडे शब्दाचं शेवटचं अक्षरही गिळत नसत. "असं बोलाया शिक," दादा मला सांगायचे. त्यांना स्वतःला सही जेमतेम यायची.

जानेवारी १९८४. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे सगळा उरण उभा राहिला होता. १६ आणि १७ तारखेच्या पोलीस गोळीबारात पाच जण गेले. बातम्यांत आमच्या गावाचं नाव आलं. ज्या आवाजांची रोज वाट पाहायची, त्यांच्याच तोंडून आपलं सुतक ऐकलं. घरात कुणी टीव्ही बंद करायलाही उठलं नाही.

१९८९ मध्ये बंदर सुरू झालं. आमचं जुनं शेवा त्यासाठी तोवर उठलं होतं. रेडिओची फळी तिथेच राहिली.

७ जून २०२२ ला भिडे गेले. मोबाइलवरचा त्यांचा फोटो आईला दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"आपले गावाची बातमी यांनीच दिली व्हती ना रं?"

त्या रात्री पडद्यावर कोण होतं, मला आठवत नाही. मी हो म्हटलं. तिने फोटोला हात जोडले.