नऊ एकांचा वर्ग आणि दहावा एक

पालघर जिल्ह्याची मुख्य कचेरी हल्लीं कोळगांवीं आहे. जवळच्या पालघर स्थानकावर डहाणूच्या गाडींत बसलें, म्हणजे उमरोळी, बोईसर, वाणगांव आणि मग चौथें स्थानक डहाणू रोड. त्या डहाणूस १७ जानेवारी १९०५ रोजीं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. हा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडे. तरी कोळगांवच्या आमच्या वाचकांनीं हें नांव घरांतील मुलांस आपल्याच जिल्ह्याचें म्हणून सांगावयास हरकत नाहीं.

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली, ह्या स्थानकीं त्यांस संख्यांच्या एका कुळाची कल्पना सुचली, म्हणून त्या कुळास त्यांनीं ‘डेमलो संख्या’ असेंच नांव दिलें. त्यांतील एक आज पाटीवर घेऊं: १२३४५६७८९८७६५४३२१. ‘लीलावतीं’त भास्कराचार्यांनीं सांगितलेल्या अठरा स्थानांपैकीं सतरावें जें ‘मध्य’, तेथवर ही पोंचते.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग होय. मुलास उत्तर पाठ करावयास सांगूं नये. गुणाकार मांडावयास सांगावा. एकाखालीं एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, अशा नऊ ओळी होतात. उभी बेरीज घेतां पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, असें चढत मधल्या घरांत नऊ येतात, आणि पुढें तसेंच उतरत जातात. कोठेंही हातचा येत नाहीं. सारें सौंदर्य तेवढ्यावर उभें आहे. त्यांत दैवी संकेत शोधणाऱ्यांनीं आधीं बेरीज पाहावी, असें आम्हांस वाटतें.

आतां दहावा एक जोडा. मधल्या घरांत दहा येतात, हातचा धरावा लागतो, आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहींसा झाला, शिखरावर दोन शून्यें बसलीं! “परीक्षेंत येतें का हें?” असें विचारून पुष्कळ वडील मंडळी येथें पाटी पुसावयास लावतील. कापरेकरांच्या उद्योगासही कित्येक पंडित पोरखेळच समजत. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. तोंवर मास्तरांना सत्तर वर्षें पुरीं झालीं होतीं.

पाटी मात्र पुसूं नये. कापरेकरांनीं आणखी एक कुळ शोधिलें, त्यास आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, त्यांची बेरीज पुन्हां ४५. तोच प्रयोग मघांच्या मोडलेल्या वर्गावर करावा. उजवीकडचे दहा अंक तोडिले असतां ०९८७६५४३२१ उरतात, डावीकडे १२३४५६७९०. दोहोंची बेरीज ११११११११११, म्हणजे आपले दहा एक.