भाऊसाहेबांच्या डोक्यातलं विद्यापीठ

आमच्या टीममधला एक सीनियर मागच्या महिन्यात सोडून गेला. नंतर आठवडाभर एक सर्व्हर सारखा का बंद पडतोय ते कोणालाच कळेना. उत्तर त्याच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं.

विद्यापीठांचंही तसंच. 'मायग्रेशन सर्टिफिकेट हरवलं तर काय?' याचं उत्तर २५ वर्षं खिडकीवर बसलेल्या भाऊसाहेबांना ठाऊक असतं. ते रिटायर झाले की संपलं!

'नॉलेज मॅनेजमेंट' म्हटलं की लोकांना आधी टेंडर आणि पोर्टल आठवतं. पण मूळ गोष्ट साधी आहे. १९९० च्या दशकात झेरॉक्स कंपनीने 'युरेका' सुरू केलं. मशीन दुरुस्त करणारे आपल्या युक्त्या त्यात लिहायचे, जाणकार त्या तपासायचे आणि युक्तीसोबत लिहिणाऱ्याचं नाव राहायचं.

आता आपलं नाशिक बघा. १९८९ पासून इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मुख्यालय गोवर्धनला, पण विद्यार्थी गावोगावच्या अभ्यासकेंद्रांत. त्यांच्यासाठी केंद्र संयोजक म्हणजेच विद्यापीठ. एका केंद्राने सोडवलेली अडचण बाकीच्या केंद्रांना त्याच संध्याकाळी वाचता आली तर? सातपूर एमआयडीसीत शिफ्ट करून शिकणाऱ्या पोराची अर्ध्या दिवसाची रजा वाचेल, कधी अख्खं वर्ष.

लोक मुद्दाम ज्ञान लपवतात असं नाही हो. त्यांना कोणी विचारत नाही, लिहायला वेळ देत नाही, आणि श्रेय तर नाहीच. आधी तेवढं करा, सॉफ्टवेअर नंतर.

(आणि हे सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस म्हणतोय!)